दर मंगळवारी निळी स्क्रीन: रिकव्हरी डिस्कने जुना कॉम्प्युटर उठवला, पण तो पुन्हा पुन्हा का पडत होता?

आधी समस्या नेमकी सांगते. कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरातलं एक मशीन शॉप. तिथला कॉम्प्युटर २०१२ साली घेतलेला: एच ६१ चिपसेटचा मदरबोर्ड, दुसऱ्या पिढीचा आय ३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि ३२ बिट विंडोज ७. बटण दाबलं की विंडोजचा लोगो अर्धवट उमटतो, क्षणभर निळी स्क्रीन चमकून जाते आणि मशीन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. परत लोगो, परत निळं, परत पहिल्यापासून. दुरुस्त केला की आठवडाभर बिनतक्रार चालायचा आणि मंगळवारी सकाळी शॉपचे मालक अण्णा फोन करायचे, "ताई, ते परत तसंच कराय लागलंय बघा."

नवीन कॉम्प्युटर घ्यायला अण्णांना पैशाची अडचण नाही. हा कॉम्प्युटर मागच्या ९ पिनांच्या सिरियल पोर्टमधून केबलने व्हीएमसीला (प्रोग्रामवर चालणारं, धातू कापायचं मशीन) जोडलेला आहे, अडचण ती आहे. व्हीएमसीची स्वतःची मेमरी इतकी तोकडी की मोठा प्रोग्राम तिच्यात मावतच नाही. तो कॉम्प्युटरवरून ओळीओळीने पाठवत राहायचा आणि तिकडे टूल चालत राहायचं. या सिरियल जोडणीचं आरएस २३२ हे मानक १९६० सालचं, पण उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कितीतरी शॉपमध्ये आजही रोजचं काम त्याच्यावर चालतं. प्रोग्राम पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरचं लायसन्स पॅरलल पोर्टला लावलेल्या डोंगलमध्ये (लायसन्सची किल्ली असलेला छोटा प्लग) आहे आणि ते इन्स्टॉल करायची सीडी कधीच हरवली आहे. एका ठिकाणी अण्णांना "फॉरमॅट मारावा लागेल" असं सांगितलं होतं. तसं केलं असतं तर ते सॉफ्टवेअर कायमचं गेलं असतं आणि त्याच्यासोबत पंधरा-वीस लाखांचं मशीनही उभं राहिलं असतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: जुन्या कॉम्प्युटरला हात लावण्याआधी तो जुना का ठेवलाय, हे मालकाला विचारा. उत्तर ऐकल्यावर फॉरमॅट हा शब्द तोंडातून निघणार नाही.

डिस्कची तयारी

माझ्या पिशवीत तीन डिस्क कायम असतात. विंडोज ७ ची ३२ बिट रिपेअर डिस्क, तीच ६४ बिटची आणि एक लिनक्सची लाइव्ह डिस्क, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट चालणारी. रिपेअर डिस्क कुठल्याही चालू विंडोज ७ वर बनवता येते. स्टार्टच्या खोक्यात रेकडिस्क असं टाइप करायचं (आर-ई-सी-डी-आय-एस-सी), कोरी सीडी घालायची, काम झालं. ती इतकी लहान असते की ७०० एमबीच्या साध्या सीडीत आरामात बसते. मात्र ३२ बिटच्या विंडोजला ३२ बिटचीच डिस्क लागते. ६४ बिटची घातली तर डिस्क बूट होते, म्हणजे तिच्यावरून मशीन सुरू होतं, पडदाही येतो, आणि मग ही आवृत्ती दुरुस्त करायच्या विंडोजशी जुळत नाही असं सांगून हात वर करते. पुष्कळ जण इथेच डिस्क खराब आहे असं समजून नवी जाळत बसतात.

लिनक्ससाठी मी सिस्टमरेस्क्यू वापरते. ज्यांना लिनक्सची सवय नाही त्यांना नॉपिक्स सोपं जाईल. क्लाउस क्नॉपर यांनी सुरू केलेलं हे लिनक्स २००० सालापासून याच कामासाठी प्रसिद्ध आहे. दोन्ही सीडी आणि रॅम यांच्यावरच चालतात, आपण सांगितल्याशिवाय हार्ड डिस्कवर काही लिहीत नाहीत. दुरुस्तीत याचं मोल फार आहे. ज्या डिस्कवर संशय आहे तिच्यावर विंडोज पुन्हा पुन्हा सुरू करून बघणं म्हणजे तिच्यावर पुन्हा पुन्हा लिहिणं.

डिस्क जाळताना उतरवलेली आयएसओ फाईल (अख्ख्या डिस्कची एका फाईलमधली प्रत) नुसती सीडीवर कॉपी करू नका. 'इमेज बर्न करा' असा पर्याय असतो, तो घ्या. सीडीवरून बूट कसं व्हायचं हे १९९५ साली एल टोरिटो नावाच्या मानकाने ठरवलं. बूटची माहिती सीडीवर ठरलेल्या जागी असावी लागते आणि ती इमेज म्हणून जाळल्यावरच तिथे बसते. वेग कमी ठेवा. जुन्या ड्राईव्हची लेन्स थकलेली असते, घाईत जाळलेली सीडी तिला वाचता येत नाही. उद्यमनगरात तर मी बाहेरून यूएसबीला जोडायचा डीव्हीडी ड्राईव्हच घेऊन जाते, कारण शॉपमधल्या ड्राईव्हचा ट्रे उघडला की आत काळी पूड दिसते. या पुडीकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पेनड्राईव्हवरूनही हे सगळं होतं. पण २००६-०७ च्या आसपासचे काही बोर्ड पेनड्राईव्हवरून बूट व्हायला नकार देतात. तिथे प्लॉप बूट मॅनेजर सीडीवर जाळून ठेवावा. सीडीवरून तो सुरू होतो आणि पुढे पेनड्राईव्हला बूट करून देतो.

कॉम्प्युटर चालू करताना बूट मेन्यूची की दाबत राहायची. बोर्डाप्रमाणे ती एफ ८, एफ ११, एफ १२ किंवा एस्केप असते, सुरुवातीच्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात लिहिलेली असते. बायोसमध्ये (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) जाऊन बूटचा क्रम कायमचा बदलू नका. आपण निघून जातो, मग कुणाची तरी पेनड्राईव्ह मागे राहते आणि दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू होत नाही. विंडोजची डिस्क असेल तर 'कुठलीही की दाबा' अशी एक ओळ चार-पाच सेकंद येते. ती चुकली की मशीन पुन्हा हार्ड डिस्ककडे जातं आणि आपल्याला वाटतं सीडी बूटच होत नाही.

डिस्क सुरू झाल्यावर आधी काय

डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू होऊन अर्धा तास नीट चालला, तर मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर आणि पॉवर सप्लाय बहुतेक ठीक आहेत असं समजायला हरकत नाही. दोष हार्ड डिस्क, विंडोज किंवा बायोसची सेटिंग या तीनांतच असणार. डिस्कवरूनही मशीन अडकत असेल, तर विंडोजचा विचार सोडा. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसा, रॅम तपासणारं मेमटेस्ट चालवा, बोर्डावरचे कपॅसिटर वरून फुगलेत का ते बघा, दुसरा पॉवर सप्लाय लावून बघा. अण्णांच्या कॉम्प्युटरवर लिनक्स छान चालत होतं, म्हणून मी या वाटेला गेले नाही.

पहिलं काम डेटा बाहेर काढणं. यात सवलत नाही. अण्णांचा सगळा डेटा म्हणजे प्रोग्रामच्या साध्या मजकुराच्या फाईली. पंपाच्या केसिंगपासून गिअरबॉक्सच्या हाउसिंगपर्यंत आजवर केलेला प्रत्येक जॉब त्यात आहे. संख्या काही हजारांत, पण सगळ्या मिळून एका पेनड्राईव्हच्या कोपऱ्यात मावतील एवढ्याच. विंडोजचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचण्यापुरतं उघडलं, फाईली दोन वेगवेगळ्या पेनड्राईव्हवर घेतल्या आणि त्यातल्या चार उघडून आत मजकूर आहे याची खात्री केली. अण्णा शेजारी उभे होते. फाईली दिसल्यावर ते खुर्चीवर टेकले. तोपर्यंत ते उभेच होते.

दुसरं काम हार्ड डिस्कची तब्येत. लिनक्समध्ये स्मार्टसीटीएल या कमांडने डिस्कने स्वतःबद्दल ठेवलेली नोंद वाचता येते. त्या लांब यादीत मी चार ओळी बघते: क्रमांक ५, १९७, १९८ आणि १९९. पहिली म्हणजे डिस्कने खराब म्हणून बाजूला काढलेले सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे. १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे अधांतरी ठेवलेले, १९८ म्हणजे वाचताच न आलेले. या तिन्हींच्या शेवटच्या रकान्यात शून्य असेल तर निश्चिंत व्हा. १९७ मध्ये आकडा असेल आणि तो वाढत असेल तर दुरुस्तीची कुठलीही कमांड चालवू नका. विशेषतः चेकडिस्क ही विंडोजची डिस्क तपासायची कमांड नाहीच, कारण आर लावून चालवली तर ती मरायला टेकलेल्या डिस्ककडून पूर्ण पृष्ठभाग वाचून घेते. तिथे डीडीरेस्क्यूने आधी दुसऱ्या डिस्कवर नक्कल काढा आणि पुढची सगळी झटापट त्या नकलेवर करा. १९९ चा आकडा मात्र डिस्कचा नसून केबलचा असतो. डिस्क बोर्डाला जोडणारी साटा केबल बदलली की तो वाढायचा थांबतो. नव्वद-शंभर रुपयांची केबल न बदलता अख्खी हार्ड डिस्क बदललेली मी पाहिली आहे. अण्णांच्या डिस्कमध्ये चारही ठिकाणी शून्य होतं.

कमांड, आणि त्यांच्या आधी वाचायचा कोड

आता ३२ बिटची रिपेअर डिस्क. तिच्यातलं स्टार्टअप रिपेअर मी आधी चालू दिलं. त्याने बराच वेळ घेतला आणि आपोआप दुरुस्त करता येत नाही असं सांगितलं. कधीकधी ते लागोपाठ दोन-तीनदा चालवावं लागतं, कारण एका फेरीत ते एकच दोष दुरुस्त करतं. इथे तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं.

मग कमांड प्रॉम्प्ट. इथली एक खोच बऱ्याच जणांना अडकवते. विंडोज ७ इन्स्टॉल होताना सुरुवातीला १०० एमबीचं एक छोटं राखीव पार्टिशन करतं. एरवी ते दिसत नाही, पण रिपेअर डिस्कच्या नजरेला बहुधा तेच सी म्हणून दिसतं आणि आपलं विंडोज डी होऊन बसतं. म्हणून आधी डीआयआर कमांडने विंडोज नावाचं फोल्डर कुठल्या अक्षराखाली आहे ते बघा. चुकीच्या अक्षरावर चेकडिस्क चालवून 'काही दोष नाही' असं उत्तर मिळवण्यात अर्थ नाही. मी डीवर चेकडिस्क नुसतं एफ लावून, म्हणजे फक्त फाईलींच्या नोंदी दुरुस्त करायला सांगून, चालवलं. लाईट गेल्यावर अर्धवट राहिलेल्या दोन-तीन नोंदी त्याने नीट केल्या, बाकी काही नाही.

बूटरेक (बी-ओ-ओ-टी-आर-ई-सी) ही दुसरी कमांड सगळीकडे औषधासारखी सांगितली जाते, म्हणून ती नेमकं काय करते ते सांगते. बायोस हार्ड डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे चालू व्हायचा कोड, पुढचे ६४ म्हणजे पार्टिशनचा तक्ता, शेवटचे २ म्हणजे खूण. तो कोड सक्रिय पार्टिशन शोधतो, तिथला बूट सेक्टर बूटएमजीआर नावाची फाईल उचलतो, ती बीसीडी नावाच्या यादीतून विंडोज कुठे आहे ते बघते आणि मग विंडोज लोड होतं. फिक्सएमबीआर पहिला कोड नव्याने लिहितं, फिक्सबूट दुसरा, आणि रीबिल्डबीसीडी ती यादी पुन्हा बांधतं. म्हणजे साखळी तुटली असेल, 'बूटएमजीआर सापडत नाही' अशी अक्षरं येत असतील, तरच यांचा उपयोग. अण्णांच्या कॉम्प्युटरवर विंडोजचा लोगो येत होता. लोगो आला याचा अर्थ साखळी शेवटपर्यंत शाबूत आहे. मग बूटरेकने काही होणार नाही हे आधीच कळायला हवं. ज्या ब्रँडेड कॉम्प्युटरवर कंपनीने रिकव्हरीची खास की दिलेली असते, तिथे फिक्सएमबीआरने ती की निकामी होऊ शकते. म्हणून गरज नसताना ती कमांड चालवू नये.

निळ्या स्क्रीनवरचा कोड सगळ्यात आधी वाचायला हवा होता. विंडोज सुरू होताना एफ ८ दाबत राहिलं की काळ्या पडद्यावर एक यादी येते. तिच्यात 'बिघाड झाल्यावर आपोआप रीस्टार्ट होणं बंद करा' अशा अर्थाची ओळ असते. ती निवडली की निळी स्क्रीन पळत नाही, थांबते. कोडच्या शेवटी ७बी होतं. या कोडचा अर्थ असा की विंडोज सुरू तर झालं, पण ज्या डिस्कवर ते स्वतः आहे ती डिस्कच त्याला दिसेना.

डिस्क धडधाकट. फाईली जागेवर. लिनक्सला डिस्क दिसते, रिपेअर डिस्कला दिसते, विंडोजलाच दिसत नाही. म्हणजे डिस्कशी बोलण्याची पद्धत बदलली आहे. बायोसमध्ये गेले. साटा मोड, म्हणजे बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत, होता एएचसीआय. हे विंडोज २०१२ साली आयडीई या जुन्या मोडमध्ये इन्स्टॉल केलेलं, आणि आयडीईमध्ये इन्स्टॉल झालेलं विंडोज ७ एएचसीआयचा ड्रायव्हर बंद करून ठेवतं. मोड आयडीई केला, सेव्ह केलं, बाहेर आले. विंडोज सरळ उघडलं. तारीख १ जानेवारी २०१२ दाखवत होती, तीही नीट केली. व्हीएमसीला एक छोटा प्रोग्राम पाठवून बघितला, ९६०० बॉड, ७ बिट, ईव्हन पॅरिटी, सगळं जसंच्या तसं. अण्णांनी चहा मागवला.

मोड आपोआप कसा बदलला, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. तारीख मागे गेलेली दिसली तरी विचारला नाही. जुलैचे दिवस, पाऊस धो धो, लाईट दिवसातून तीनदा जाते-येते, त्यात काहीतरी झालं असेल असं मनात धरून मी निघाले. पुढच्या मंगळवारी फोन आला.

मंगळवारच का

अण्णांच्या शॉपला सोमवारी सुट्टी. रविवारी संध्याकाळी निघताना अण्णा मेन स्विच पाडतात, तो मंगळवारी सकाळी उचलतात. मध्ये छत्तीस तास. इतर दिवशीही रात्री स्विच पडतोच, पण बारा-चौदा तासांसाठी.

प्लगमध्ये वीज असेपर्यंत, कॉम्प्युटर बंद असला तरी, पॉवर सप्लाय बोर्डाला थोडी वीज देत राहतो आणि बायोसची सेटिंग व घड्याळ तिच्यावर टिकतात. मेन स्विच पडला की तो भार बोर्डावरच्या बटण सेलवर येतो. सीआर २०३२ हे त्याचं नाव: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. सेल अशक्त असेल तर एक रात्र कसाबसा काढतो, दीड दिवस काढत नाही. सेल पडला की बायोस कारखान्यातून आल्यासारखा होतो, आणि या बोर्डाच्या कारखान्यातल्या सेटिंगमध्ये साटा मोड एएचसीआय आहे. तेवढ्यानेच निळी स्क्रीन येत होती.

प्लग काढून मल्टिमीटरने मोजलं तर सेल २ व्होल्टच्याही खाली. नवा घातला, ३.२ व्होल्ट दाखवणारा, पाकिटावरची तारीख बघून घेतलेला. सुट्टा, दुकानात महिनोन्महिने बरणीत एकमेकांवर घासत पडलेला सेल घेऊ नका. चार-पाच मंगळवार शांततेत गेले आणि मला वाटलं विषय संपला.

डिसेंबरात तो परत आला. तीच निळी स्क्रीन, तोच ७बी, पुन्हा मंगळवारच. सेल मोजला: २.१ व्होल्ट. जेमतेम पाच महिन्यांत नवा सेल संपला होता.

या सेलची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-अवर. बायोसचं घड्याळ काही मायक्रोअँपिअरच ओढतं. ५ धरले तर सेल ४४,००० तास पुरावा, म्हणजे सलग ५ वर्षं. पाच महिन्यांत संपतो याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. मीटर मायक्रोअँपिअरवर ठेवला, प्लग काढलेला, सेलच्या वरच्या पत्र्याखाली कागदाची पट्टी सरकवली आणि मीटरची एक तार सेलला, दुसरी पत्र्याला लावली. म्हणजे सेलमधून निघणारा सगळा प्रवाह मीटरमधूनच जाणार. आकडा आला शंभराच्या आसपास. शंभर मायक्रोअँपिअरला सेल २,२०० तास पुरतो, म्हणजे सलग तीन महिने. गळती रोज एवढीच नसणार हे धरलं, तर पाच महिन्यांत सेल संपणं समजण्यासारखं होतं. हिशेब लागला तेव्हा मला जे समाधान झालं, ते कॉम्प्युटर चालू झाल्याच्या समाधानापेक्षा मोठं होतं.

गळती कुठे होती हे टॉर्च मारून पाच मिनिटांत दिसलं. सेलच्या घराच्या कडेने, धन पत्रा आणि शेजारच्या ऋण टोकाच्या मध्ये, काळ्या पुडीचा थर. बिडाची पूड. कास्टिंगवर टूल चालतं, ग्राइंडर चालतो, तेव्हा हवेत उडते ती. बिडात लोखंडासोबत ग्रॅफाइटही असतं आणि दोन्हींतून वीज वाहते. त्यात कोल्हापूरचा पावसाळा. जून ते सप्टेंबर दमट हवेत ती पूड ओल धरते, थोडं कूलंटचं तेल तिला चिकटवून ठेवतं, आणि सेलच्या दोन टोकांमध्ये बारीकशी वाट तयार होते. कॉम्प्युटर ग्राइंडरपासून चार फुटांवर जमिनीवर ठेवलेला होता आणि त्याचा पंखा हीच हवा आत ओढत होता.

सफाईबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगते, कारण उद्यमनगरात हे सगळेच करतात. कॉम्प्युटरवर शॉपच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका. त्या हवेत पाणी असतं, तेल असतं, आणि तिच्या जोराने पूड बाहेर पडण्याऐवजी रॅमच्या आणि कार्डाच्या खाचांत जाऊन बसते. मी बोर्ड बाहेर काढला, सेल काढला, मऊ ब्रशने पूड सुटी करून व्हॅक्यूमने ओढली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून सेलच्या घराभोवतालचा भाग दोनदा धुतला आणि तासभर सुकू दिला. काम सुरू करण्याआधी प्लग काढलेला असावा, आणि अधूनमधून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. पुन्हा मीटर लावला: ५ मायक्रोअँपिअर.

परत येऊ नये म्हणून केलेलं

कॉम्प्युटर जमिनीवरून उचलून भिंतीवरच्या मांडणीवर नेला, ग्राइंडरच्या दुसऱ्या बाजूला. सिरियल केबल तेवढी लांब करून घ्यावी लागली. समोरच्या जाळीला पातळ कापडाची गाळणी लावली. ती महिन्याला धुवायचं काम शॉपमधल्या एका पोराने आपणहून घेतलंय.

दुसरं काम विंडोजमध्येच केलं. आयडीई मोडमध्ये विंडोज चालू असताना रजिस्ट्री एडिटरमध्ये (विंडोजच्या आतल्या सेटिंगची यादी) एमएसएएचसीआय या सर्व्हिसच्या स्टार्ट नावाच्या नोंदीत ३ होतं, ते ० केलं. बंद केला, बायोसमध्ये एएचसीआय लावलं, चालू केला. विंडोजने नवा ड्रायव्हर बसवला, एकदा रीस्टार्ट मागितलं आणि त्यानंतर कायम एएचसीआयवरच चालतंय. म्हणजे आता सेल पडला आणि बायोस मूळ सेटिंगवर गेला, तरी विंडोजला डिस्क दिसत राहील. हा बदल करण्याआधी रजिस्ट्रीची प्रत घ्या. कॉम्प्युटरवर विंडोज एक्सपी असेल तर हा मार्ग विसरा. एक्सपीमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर मुळातच नसतो, तिथे आयडीईच ठेवावं आणि सेलकडे लक्ष द्यावं.

क्लोनझिलाने अख्ख्या डिस्कची नक्कल दुसऱ्या ५०० जीबीच्या डिस्कवर काढली. नक्कल काढून कपाटात ठेवणं पुरेसं नाही. मी मूळ डिस्क काढून नकलेवरूनच कॉम्प्युटर एक दिवस चालवला, डोंगल ओळखलं जातं का, व्हीएमसीला प्रोग्राम जातो का, हे सगळं बघितलं, आणि मगच ती पिशवीत गुंडाळून अण्णांच्या घरी ठेवायला दिली. शॉपमध्ये नव्हे. इंटरनेटची केबल काढून टाकली. विंडोज ७ ला सुरक्षेचे अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत, आणि या कॉम्प्युटरला इंटरनेटची गरजही नाही.

कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर एक कागद चिकटवला: साटा मोड, पॅरलल पोर्टचा मोड, सिरियल पोर्टचा पत्ता, सेल बदलल्याची तारीख. पॅरलल पोर्टचा मोड मूळ सेटिंगवर गेला तर डोंगल ओळखत नाही आणि मग लायसन्सच गेलं असं वाटतं, म्हणून तो कागदावर हवाच.

मार्चमध्ये एका रविवारी संध्याकाळी मी मुद्दाम गेले, सेल काढला, प्लग काढला आणि कॉम्प्युटर तसाच सोडला. मंगळवारी सकाळी अण्णांच्या आधी पोचले. चालू केल्यावर सेटिंग गेल्याची सूचना आली, तारीख २०१२ ची दिसली, पुढे जायची की दाबली. लोगो आला, पूर्ण उमटला आणि विंडोज उघडलं. मग बंद करून सेल बसवला, कागद बघून पॅरलल पोर्टचा मोड लावला, तारीख घातली. साडेनऊला अण्णांनी पहिला जॉब लावला.